उजव्या गुडघ्याचं ड्रॉइंग

डॉक्टरांनी माझा गुडघा तपासण्याआधी माझी परीक्षा घेतली आणि तिच्यात मी सपशेल नापास झाले. प्रश्न एकच होता, गुडघ्याच्या आत काय असतं? मी म्हटलं, हाडं. ते म्हणाले, आणखी? मी म्हटलं, वाटी. ते म्हणाले, आणखी? त्यांनी केसपेपर माझ्या हातात परत दिला, त्याच्यावर टेबलावरची एक लाकडी वस्तू ठेवली आणि सांगितलं, हे घरी ने, सोमवारी मला समजावून सांग, मग तुझा पाय पाहू. बाहेर बाकावर बसलेल्या आईला मी हा निकाल कळवला. वेड मला लागलंय की डॉक्टरला, एवढंच तिला ठरवायचं राहिलं होतं.

ती वस्तू म्हणजे त्यांनी स्वतः तासलेला सागवानी गुडघा होता. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, आणि दोन्ही बांधायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. आतली, मधोमध तिरपी जाणारी पट्टी कापलेली होती. घरी बाबांनी तो गुडघा हातात घेऊन वाकवला, सरळ केला आणि म्हणाले की चांगला तर चालतोय. मी खालचं हाड पुढे ओढून दाखवलं. ते सरकन पुढे आलं. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, कारकून होते. त्यांनी गुडघा हळूच टेबलावर ठेवला आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

माझ्या पायात नेमकं हेच झालं होतं. भिलाई मध्य प्रदेशात होती त्या दिवसांतली गोष्ट, ऐंशीच्या पुढची काही वर्षं. मी प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते, म्हणजे दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज गिरवणारी. नोकरीला लागले होते मात्र खो-खोच्या जोरावर. दोन पाय धड असलेली मुलगी एवढीच माझी लायकी, असं आमचे हेड ड्राफ्ट्समन तोंडावर म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. एका संध्याकाळी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या मैदानावर मी खांब धरून वळले. अंग वळलं, हात वळला, पाऊल मात्र जागेवरच राहिलं. आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला, तो मला एकटीलाच ऐकू आला. सूज तीन आठवड्यांत उतरली. सरळ चालायला मला काहीही त्रास नव्हता. वळले की गुडघा निसटायचा. आईचं म्हणणं होतं, मुलीच्या जातीला वळायचं काय काम? तिने मला दुर्गच्या एका मालिशवाल्याकडे महिनाभर नेलं. त्याने गुडघ्याला मोहरीचं तेल इतकं पाजलं की ऑफिसात माझ्या ट्रेसिंग पेपरवर डाग पडायला लागले.

सोमवारी मी पास झाले. तेव्हा डॉक्टरांनी मला झोपवलं, गुडघा वाकवून माझ्या पावलावर चक्क बसले, आणि दोन्ही हातांनी नडगी स्वतःकडे ओढली. टेबलाचा खण उघडावा तशी ती पुढे आली. ते खूष झाले. इतका आनंद माझ्या नुकसानीने आजवर कोणाला झाला नव्हता. आत आडव्यातिडव्या दोन दोऱ्या असतात, त्यांतली पुढची तुटलीय, तिला टाके घातले तरी ती जुळत नाही, दुसरा दोर ओवावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, दोर कुठून आणायचा? ते म्हणाले, हा पहिला शहाणा प्रश्न.

हा नाद त्यांना कुठेही आवरायचा नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या भावाला स्टेजवरच्या गादीवर आडवा पाडला आणि त्याच्या पावलावर बसून खण ओढून पाहिला. नवरीकडच्यांना वाटलं, यांच्याकडची ही काही रीत असेल. अक्षता पडायच्या होत्या, भटजी थांबले. डॉक्टर उठून म्हणाले, पक्का आहे, चालू द्या.

दर रविवारी सकाळी ते स्कूटरवरून खुर्सीपारला जायचे आणि कसायाकडून बकऱ्याचे गुडघे आणायचे. तेही असे की वरची आणि खालची हाडं वीतभर हवीत, सांध्याला सुरी लागायला नको. कसाई सगळ्यांना सांगायचा, "साहब को बोटी नहीं चाहिए, जोड़ चाहिए." घर त्यांचं कडक शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. तेव्हा सेक्टरात बोभाटा झाला की डॉक्टर रविवारी चोरून मटण खातात. त्यांनी तो कधी खोडून काढला नाही. खरं सांगायला वीस मिनिटं लागतात आणि लोकांना दोनच मिनिटं असतात, असं त्यांचं गणित होतं. त्यांच्या बायकोने मात्र फ्रिजला कुलूप घातलं, कारण हळदीकुंकवाच्या दिवशी तिने खिरापतीचा म्हणून जो डबा उघडला तो खिरापतीचा नव्हता.

या गुडघ्यांवर ते तऱ्हा करून पाहायचे. दोर आणायच्या तीन जागा त्यांनी मला सांगितल्या, आणि प्रत्येकीचे गुणदोष घरून लिहून आणायला लावले. पहिली, वाटीच्या खालची जाड शीर. तिची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या चकत्यांसकट काढायची. हाडात हाड बसतं, म्हणून ती सगळ्यात पक्की. दुसरी, मांडीच्या आतल्या बाजूची लांब बारीक शीर. ती वरून सोडवायची, खालचं टोक नडगीला जिथे आहे तिथेच राहू द्यायचं, आणि भोकांतून ओवून वर आणायची. तिसरी, मांडीच्या बाहेरचा पट्टा. तो सांध्याच्या बाहेरूनच ताणून बांधायचा, म्हणजे आत शिरायलाच नको. ही तिसरी त्यांना नापसंत होती. दार खिळखिळं झालं म्हणून बाहेरून दोरीने बांधायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत, असं त्यांचं मत.

परदेशी पुस्तकात पहिल्या तऱ्हेचं कौतुक होतं. डॉक्टरांनी ते पुस्तक माझ्यापुढे उघडलं. त्यात फुटबॉल खेळणारे आणि बर्फावरून घसरणारे गोरे लोक होते.

"पाह्य बरं," ते म्हणाले, "यातला कोनी उकिडवा बसला हाय का? हे सारे खुर्चीवर बसनारे लोकं. आन् तू? तुह्या खेळात बसनंच अर्धा खेळ हाय."

ते खरंच होतं. खो-खोत आठ जणी पाटीवर उकिडव्या बसतात आणि पाठीवर थाप पडली की त्याच बैठकीतून सुटतात. डॉक्टर आठवडाभर रोज संध्याकाळी मैदानावर आले. हातात शिंप्याचा टेप. बसलेल्या मुलींच्या टाचेपासून मांडीपर्यंतचं अंतर मोजायचे, वहीत लिहायचे, आणि खेळ ऐन रंगात असताना पाटीवर जाऊन एखादीला म्हणायचे, हलू नको. आमच्या प्रशिक्षक बाईंनी दोनदा शिट्टी वाजवून त्यांना बाहेर काढलं. मुली बसताना गुडघा पुरता मिटतात, सूर मारला की वाटीवर पडतात. वाटीखालची शीर काढली तर तिथे जन्मभर दुखत राहील. म्हणून माझ्यासाठी दुसरी तऱ्हा ठरली, मांडीच्या आतली शीर.

आता दोर कुठून ते ठरलं, पण कुठे बांधायचा? इथे माझी नोकरी कामाला आली. सागवानी गुडघ्यावर आम्ही दोन टाचण्या टोचायचो, मध्ये दोरा बांधायचो आणि गुडघा वाकवून पाहायचो. पुस्तकातल्या जागी टाचणी टोचली की खुर्चीवर बसण्याइतका वाकेपर्यंत दोरा ठीक. उकिडवं बसवला की ताणून तुटायचा. वरच्या हाडातली टाचणी पुढे नेली, तुटला. खाली नेली, ढिला पडला. दुपारच्या सुट्टीत हे चालायचं. माझ्या डब्यातली पोळी डॉक्टर न विचारता खायचे आणि टाचणी सरकवायचे. शेवटी थोडी मागे, थोडी वर एक जागा सापडली. तिथे पाय पूर्ण मिटेपर्यंत दोरा तुटेना की सुटेना. डॉक्टरांनी माझी दुसरीही पोळी खाल्ली.

ती जागा हाडात बिनचूक गाठायला एक वाकडा शिकंजा हवा होता. त्याचं एक टोक सांध्याच्या आत त्या जागी टेकायचं, दुसऱ्या टोकाला नळी. नळीतून ड्रिल घातलं की ते चुकायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, तू काढ ड्रॉइंग. मी काढलं. समोरून, वरून, बाजूने, मापांसकट. हेड ड्राफ्ट्समननी ते पाहून विचारलं, कुठल्या मशीनचा पार्ट? मी म्हटलं, माझा.

ड्रॉइंग खुर्सीपारच्या एका लेथवाल्याकडे गेलं. तो हुशार माणूस होता. आठ दिवसांत त्याने असा चकचकीत शिकंजा करून दिला की डॉक्टरांनी तो उशाशी घेऊन झोपायचंच बाकी ठेवलं. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. सागवानी गुडघ्यावर बसवून पाहिला तेव्हा कळलं, तो डाव्या गुडघ्याचा झालाय. माझा तुटला होता उजवा.

चूक माझी होती, आणि अशी चूक भिलाईतच व्हावी. एखादी वस्तू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत डावीकडून दिसणारं चित्र कागदावर उजवीकडे काढतात, दुसरीत ते डावीकडेच काढतात. आमचा प्लांट रशियनांनी उभारलेला, त्यांची सगळी ड्रॉइंग्ज पहिल्या पद्धतीची. माझा हात तीच गिरवून तयार झालेला. लेथवाला शिकला होता दुसऱ्या पद्धतीच्या नकाशांवर. कोणती पद्धत हे सांगायला कोपऱ्यात एक छोटी खूण काढायची असते. ट्रेसर पहिल्या दिवशी शिकते ती ही खूण. प्लांटच्या हजार ड्रॉइंग्जवर मी ती काढली, आणि नेमकी माझ्या गुडघ्याच्या ड्रॉइंगवर विसरले. मी डॉक्टरांसमोर रडले. त्यांनी शिकंजा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, डाव्या गुडघ्याला कधी काही दुखापत? नाही म्हटल्यावर म्हणाले, वाया गेला बिचारा.

बातमी आईपर्यंत गेली. तिने एका वाक्यात सगळं मिटवलं. ज्याचं हत्यारच उलटं, तो कोणत्या पायाले हात घालीन याचा काय भरवसा? ऑपरेशन रद्द. त्यातून नागपूरकडचं एक स्थळ आलेलं होतं. गुडघ्यावर वीतभर व्रण घेऊन मुलगी दाखवायची कशी, हे तिचं जुनंच दुखणं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. मला ऑफिस नको होतं, स्थळ नको होतं. मला पाटीवर बसून पाठीवरच्या थापेची वाट पाहायची होती, बाकी काही नाही. हे आईला सांगायला मला शब्द सापडत नव्हते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. पेपरात गुंडाळलेला नवा शिकंजा काखेत होता. लेथवाल्याने रविवारची सुट्टी मोडून तो उजव्याचा करून दिला होता. आईने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ पाहुण्याला समजतो.

"असे गुडघे तुमी आजपावतर किती केले?" आईने विचारलं.

"दुसऱ्या सर्जनच्या हाताखाली उभा राहून केले, वहिनी. माह्या एकट्याच्या हातानं अजून एकबी नाई."

बाबा खोकले. मी जमिनीकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

"मंग माह्या पोरीवर काहून शिकून राह्यले?"

"शिकलो बकऱ्यावर. पोरीवर करनार हावो. आन् दोर कुठं बांधाचा, हे तिनंच मले शिकवलं."

आईने थोडा वेळ पदराशी चाळा केला. मग विचारलं, नाहीच केलं तर?

"त काई नाई. चालन, सैपाक करन, बजारात जाईन. लगनबी होईन. फक्त जन्मभर तिले नाकासमोर चालावं लागन. वळाचं नाई."

आई माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. ती उठली आणि तिने चहा ठेवला.

ऑपरेशनच्या सकाळी मात्र तिने स्वतःची व्यवस्था केली. माझ्या पेटीतली ड्रॉइंगची काळी शाई घेतली, ती पाण्याने जात नाही, आणि माझ्या डाव्या मांडीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हा नाही'. उजवीवर लिहिलं, 'हा'. ऑपरेशन टेबलावर माझा पाय उघडा केला तेव्हा सिस्टर तोंड फिरवून हसायला लागल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते नीट वाचलं, पेन मागवलं आणि आईच्या अक्षरांखाली, ड्रॉइंगवर करतात तशी, 'तपासले' म्हणून सही केली. प्लास्टर निघाल्यावरही ती सही धुऊन जायला पंधरा दिवस लागले. पुढे त्यांनी नियमच केला, पेशंटच्या पायावर आधी त्याच्या आईने लिहायचं, मग आपण हात लावायचा. आई नसली तर बायको. एका अविवाहित क्रेन ऑपरेटरच्या पायावर म्हणे त्याच्या फोरमनने लिहिलं.

दीड महिना प्लास्टर, मग मांडीला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा, मग सायकल. डॉक्टर बस स्टॉपवर, बाजारात, भाजीच्या ठेल्यापाशी कुठेही मला गाठायचे आणि कट्ट्यावर बसवून नडगी ओढायचे. ती हलायची नाही. भाजीवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं, तो आधीच माझी पिशवी धरायचा. आठव्या महिन्यात मी पुरती उकिडवी बसले. आईने त्या दिवशी शेजारच्या चार घरांत साखर वाटली आणि बायकांना मला बसवून दाखवलं, एकदा नव्हे, प्रत्येक घरी.

पण खेळता येईना. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी येईना. मी पाटीवर बसायचे, मागून थाप पडायची, खो ऐकू यायचा, आणि माझा हात आपोआप जमिनीवर टेकायचा. मी हळूच, म्हातारीसारखी उठायचे. तोवर पळणारी दोन चौकोन ओलांडून गेलेली असायची. गुडघ्याला काही झालं नव्हतं, भीती माझ्यात बसली होती. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. महिना गेला, दोन गेले. बाई मला सराव संपता संपता दयेने पाच मिनिटं बसवायच्या. मी डॉक्टरांना सांगितलं, तुमचं काम चांगलं झालं, माझंच झालं नाही. ते नुसतं हं म्हणाले.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी अशीच पाटीवर बसले होते. पाठीवर थाप पडली, नेहमीपेक्षा बरीच जोराची, आणि कानाशी एका पुरुषाचा फाटका आवाज आला, "खो." कोण आहे हे पाहायला मी वळले नाही. वळायला वेळच नव्हता. मी सुटले. पुढे धावणारी मुलगी खांबाकडे गेली, मी तिच्या मागे. खांब हाताला लागला आणि मी वळले. पाऊल वळलं. परतीच्या वाटेवर मी तिला बाद केलं, आणि मगच मला उमगलं की मी काय केलंय.

मागे पाहिलं तर माझ्या चौकोनात डॉक्टर बसले होते. इस्त्रीची पँट, पायात चामडी बूट, उकिडवे. खो देणाऱ्याने उठलेलीच्या जागी बसायचं असतं, आणि नियम म्हणजे नियम. मुली हसून हसून लोळत होत्या. मीही हसत हसत त्यांच्याकडे गेले.

ते उठले नाहीत. आधी वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. एक हात त्यांनी उजव्या गुडघ्यावर दाबून धरला होता. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं तेव्हा तो पाय सरळ होईना, आणि झाला तेव्हा त्यांच्या घशातून आवाज निघाला. ऑपरेशनआधीच्या माझ्या गुडघ्याइतकाच तो निकामी होता हे मला हात लावल्याबरोबर कळलं. म्हणजे त्यांच्याकडूनच शिकले होते म्हणून कळलं.

"कवापासून, सर?" मी विचारलं.

"कालेजपासून. फुटबॉल."

"मंग तुमचा काहून नाई केला?"

ते पँटची माती झटकत होते. "हे काम येनारा इथं एकच मानूस हाय," ते म्हणाले. "त्याले टेबलावर झोपवला, त ड्रिल कोन धरन?"

मी स्कूटरपर्यंत त्यांना नेलं. किक मारायला पाय उचलेना, तेव्हा मी त्यांना मागे सरकवलं आणि माझ्या उजव्या पायाने किक मारली. तिसऱ्या किकेला स्कूटर लागली. ते म्हणाले, सूज आली तर उद्या ये, आणि गेले. मी तिथेच उभी राहून रडले. खेळता आलं म्हणून नाही. इतके महिने या माणसाने माझा पाय हजारदा ओढून पाहिला, आणि मी त्याच्या पायाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

सूज आली नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. डॉक्टरांनी सवयीने मला टेबल दाखवलं. मी उभीच राहिले आणि म्हटलं, "सर, तुमी झोपा. मले पाहू द्या."

सिस्टर तिथेच होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे पाहून काहीतरी विनोद करणार होते, तो त्यांना सुचला नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बूट सोडले, आणि टेबलावर आडवे झाले.